कॉलेज पाहण्याचा हक्क

बैल घेताना आपला माणूस त्याचे दात पाहतो. म्हैस घेताना कास चाचपतो, दोन वेळा धार काढून बघतो. लेक द्यायची तर चार माणसे पाठवून घरदार पाहून येतो. परंतु पोटचे पोर ज्या कॉलेजात तीन-चार वर्षे घालणार, ते कॉलेज आपल्यातील बहुतेक घरे प्रवेशाच्या दिवशीच प्रथम पाहतात. त्या दिवशी पाहण्याजोगे काही नसतेच. रांग, खिडकी, पावती आणि शेवटच्या तारखेची धास्ती. निवड अगोदरच कोणीतरी करून टाकलेली असते: गावातल्या बागायतदाराच्या मुलाने, एखाद्या क्लासच्या फलकाने, किंवा गाडी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या संस्थेच्या माणसाने.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. काही वर्षे प्रवेश समितीच्या टेबलावर बसतो आहे आणि जमेल तेव्हा रजा टाकून वस्तीतील पालकांबरोबर कॉलेजे पाहायला जातो. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. प्रवेशापूर्वी पालकांनी आणि मुलांनी मिळून दोन-तीन कॉलेजे पाहावीत, त्यांची तुलना करावी, ही तशी साधी गोष्ट. ती आपल्याकडे का होत नाही आणि करायची तर नेमके काय पाहायचे, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही. प्रवेशाच्या जागांसाठी आपण लढलो, शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढले. ती लढाई संपलेली नाही. पण मिळालेली जागा कोणत्या कॉलेजातली, हा प्रश्नही त्याच लढाईचा भाग आहे.

वारशाने आलेली माहिती

पांढरपेशा घरात शेताप्रमाणे माहितीचाही वारसा असतो. कोणत्या कॉलेजात गणित चांगले शिकवतात, कोणत्या वसतिगृहात पोरे बिघडतात, कोणती शाखा नावाला उघडली आहे, हे तिथल्या मुलाच्या कानावर जेवताना पडत असते. काका त्या कॉलेजात शिकलेला, आत्या तिथे शिकवणारी. निकालानंतर त्या मुलाने केलेली निवड अचूक ठरते आणि तिला आपण त्याची हुशारी म्हणतो. आपल्या मुलाला तीच निवड तीन दिवसांत, अनोळखी माणसांच्या शब्दावर करावी लागते. चुकली तर दोष त्याच्या कुवतीला जातो.

माहितीच्या अभावाला भीतीची जोड आहे. माझे वडील मोंढ्यात हमाली करीत. मला प्रवेशासाठी घेऊन आले तेव्हा ते कॉलेजच्या फाटकाशीच थांबले. ‘तू जा आत, मी हाय हितं’ एवढेच म्हणाले आणि चार तास उन्हात उभे राहिले. त्यांना कोणी अडवले नव्हते. परंतु ज्यांना पिढ्यानपिढ्या देवळाच्या, पाणवठ्याच्या, चावडीच्या बाहेर उभे केले गेले, त्यांचे पाय फाटक दिसले की आपोआप थबकतात. आजही प्रवेशाच्या दिवसांत फाटकाबाहेर चिंचेखाली बसलेले पालक मला दिसतात. त्यांतील फार थोडे आत येऊन एखादा वर्ग पाहतात.

याउलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. रामजी सुभेदारांनी मुंबईत आल्यावर भीमरावांना आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत घातले. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या निवृत्त सैनिकाने शहरातील एक नामांकित शाळा मुलासाठी निवडली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या शाळेतही जात होतीच. फळ्याजवळ जाण्याची वेळ आली तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून इतर मुलांनी केलेला गलका चरित्रकारांनी नोंदवला आहे. तेव्हा चांगली संस्था म्हणजे निर्जातीय संस्था असे समीकरण मांडता येत नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

कॉलेज कोणाला गृहीत धरते?

बाबासाहेबांनी स्वतः कॉलेजे काढली तेव्हा काय पाहिले, हे तपासले तर आपल्याला एक चांगली कसोटी मिळते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते सकाळच्या वेळेत, म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्याला वर्ग संपवून कामावर जाता यावे. १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सोसायटीचे जे कॉलेज सुरू झाले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि पदवीसाठी इथल्या मुलाला हैदराबादेकडे पाहावे लागे. मिलिंदबरोबर नागसेनवनात वसतिगृहेही उभी राहिली. त्याआधी १९०८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा व शिका’ ही पद्धत होती.

या सर्वांनी एकच प्रश्न आधी सोडवला. येणारा विद्यार्थी कोण आहे? त्याचा दिवस कसा जातो, तो कोठून येतो, कोठे झोपतो, काय खातो? वेळ, ठिकाण, निवारा आणि अन्न यांचा विचार करूनच त्यांनी कॉलेज उभे केले. आज आपण कोणत्याही कॉलेजात पाय ठेवला की हाच प्रश्न मनात ठेवावा. हे कॉलेज कोणत्या विद्यार्थ्याला गृहीत धरून चालते? ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, दुचाकी आहे, खासगी शिकवणीला पैसा आहे, त्याला? की आपल्या पोराला?

पाहायचे ते काय?

भेट साध्या कामाच्या दिवशी द्यावी. प्रवेशमेळावा, स्नेहसंमेलन किंवा पाहुण्यांचा दिवस टाळावा. त्या दिवशी कॉलेज नवरीसारखे नटलेले असते. बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा तास चालू असतात आणि मुलाच्या परीक्षेला अवकाश असतो. सकाळी एकदा पाहावे आणि दुपारी दोननंतर पुन्हा पाहावे. सकाळी भरलेले वर्ग दुपारी ओस पडत असतील तर का, हे विचारावे.

पहिला प्रश्न मान्यतेचा. कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि ज्या शाखेत जायचे ती अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच नावाखाली बी.ए. अनुदानित आणि बी.सी.ए. विनाअनुदानित असू शकते. फी निराळी, शिक्षकांची नेमणूक निराळी. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि संस्थांचे पीक आले. पुढे डी.एड. कॉलेजांची लाट आली. शिक्षकभरती थांबली तशी ती ओसरली, कॉलेजे बंद पडली. पण त्या आशेने कर्ज काढलेली घरे आपल्या वस्त्यांत आहेत. म्हणून बी.एड., फार्मसी, नर्सिंग अशा शाखांत विद्यापीठाबरोबर त्या-त्या परिषदेची मान्यता पाहावी आणि ती चालू वर्षाची आहे का, हेही पाहावे. नॅकचे मानांकन फलकावर मोठ्या अक्षरांत असते. ते कोणत्या वर्षी मिळाले, हे मात्र विचारूनच कळते.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. हव्या त्या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विभागात जाऊन विचारावे. तासिकेवरचा शिक्षक कमी शिकवतो असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांतील कित्येक आपलेच उच्चशिक्षित तरुण आहेत आणि तुटपुंज्या मानधनावर जीव ओतून शिकवतात. परंतु ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, तो पुढच्या वर्षी तिथे असेलच याची खात्री नसते. वेळापत्रक पाहावे, आणि वेळापत्रकात ज्या खोलीत आता तास असायला हवा, त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहावे. दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, एवढे जरूर पाहावे.

प्रयोगशाळेत उपकरणांवर धूळ आहे की मुलांचे हात? ग्रंथालयात पुस्तके कुलुपात आहेत की टेबलावर? अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते? बुक बँकेतून वर्षभरासाठी पुस्तके मिळतात का? मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे का आणि तिथे पाणी आहे का? या शेवटच्या प्रश्नावर कितीतरी मुलींची हजेरी अवलंबून असते. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

आणखी एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात आणि शिकवणी भलत्याच क्लासमध्ये. कॉलेजची इमारत पाहायला गेलात तर वर्ग रिकामे, शिक्षक निवांत. अशा ठिकाणी क्लासची फी भरू न शकणाऱ्या मुलाला काहीच मिळत नाही. बाकीची पोरे क्लासला जातात आणि तो रिकाम्या वर्गात एकटा बसतो.

पैशाचा हिशेब

प्रवेशाच्या वेळी सांगितली जाते ती फी, आणि शिक्षणाला लागतो तो खर्च. या दोहोंत मोठे अंतर असते. वहीच्या पानावर रेघा मारून प्रत्येक कॉलेजसाठी वेगळा रकाना करावा आणि त्यात फी, प्रवास, राहणे, जेवण, पुस्तके, परीक्षा फी हे सर्व मांडावे. वेळही मांडावा. गाव कॉलेजपासून पंचेचाळीस किलोमीटर असेल आणि एस.टी.ला एका बाजूने दीड तास लागत असेल, तर दिवसाचे तीन तास गेले. वर्षाचे एकशे ऐंशी दिवस धरले तर पाचशे चाळीस तास होतात. विद्यार्थ्याला मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, त्यामुळे पैसा वाचतो; हे तास मात्र कोणी परत देत नाही.

शिष्यवृत्तीची खिडकी हा कॉलेजभेटीतला सर्वांत महत्त्वाचा थांबा. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. आता अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो आणि वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यावरील उत्पन्नासाठी फ्रीशिप निराळी. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यात कॉलेजच्या फीचा भागही असतो आणि तो विद्यार्थ्याने कॉलेजात भरायचा असतो. हे ठाऊक नसल्याने घरे ते पैसे बियाण्याला, औषधाला खर्च करतात आणि नंतर कॉलेज निकाल अडवते. म्हणून खिडकीवर तीन प्रश्न विचारावेत. प्रवेशाच्या वेळी किती रक्कम भरावी लागेल? शिष्यवृत्ती येईपर्यंत कॉलेज थांबते का? अर्ज भरताना मदत कोण करतो? उत्तरे मिळाली की तिथून हलावे आणि हेच प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावेत. दोन्ही उत्तरे जुळली तर कॉलेज बरे समजावे.

वसतिगृहाचेही तसेच. समाजकल्याण खात्याचे वसतिगृह कॉलेजपासून किती दूर, हे चालून पाहावे. तिथे नंबर न लागल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तीत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या हद्दीत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, अशी रक्कम ठरवलेली आहे. परंतु ती हप्त्याने आणि उशिरा हाती येते. पहिले काही महिने कसे निभवायचे, याचे उत्तर प्रवेशापूर्वी घरात झाले पाहिजे. खासगी विद्यापीठांत आरक्षण आणि फीपरताव्याचे नियम सरसकट लागू आहेत असे धरून चालू नये. एजंट काहीही सांगो, ते संस्थेकडून लेखी घ्यावे. प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळेल, याचे टप्पे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ठरवून दिले आहेत आणि मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. मूळ गुणपत्रिका ‘आमच्याकडेच राहील’ असे म्हणणाऱ्या कॉलेजातून कागद आणि मूल दोन्ही परत आणावे.

फाटकाच्या आतली जात

जात फलकावर लिहिलेली नसते. ती बोलण्यात दिसते. नाव सांगितल्यावर ‘पूर्ण नाव?’ असा दुसरा प्रश्न येतो का? शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते का? वसतिगृहात खोल्या कशा वाटल्या आहेत? सभागृहातील तसबिरींत बाबासाहेब आहेत का, आणि आहेत तर फक्त १४ एप्रिलपुरते आहेत का? शिपाई पालकाला ‘ए’ म्हणतो की ‘या’ म्हणतो?

या गोष्टी किरकोळ नाहीत. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाचा १७ जानेवारी २०१६ रोजी मृत्यू झाला. जळगावकडची आदिवासी डॉक्टर पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये गेली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या त्यांच्या आयांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचे मागणे होते की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली भेदभावाविरुद्ध केलेले नियम अमलात यावेत. त्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. दोन आयांनी लेकरे गमावल्यावर जे न्यायालयात विचारले, ते आपण प्रवेशापूर्वी कॉलेजात विचारू शकतो. समान संधी कक्ष कोठे आहे? अधिकारी कोण? तक्रार कोणाकडे करायची? उत्तर देणारा गोंधळला किंवा चिडला, तर तेही एक उत्तरच आहे.

सरळ मार्ग म्हणजे आपले विद्यार्थी शोधणे. कॅन्टीनमध्ये, ग्रंथालयाच्या पायरीवर ते भेटतात. ‘तुम्ही किती जण आलात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत किती उरलात?’ एवढे विचारावे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. सोय म्हणून ती वाईट नाही. परंतु पैशाअभावी किंवा अपमानाने बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातातही तोच कागद पडणार, आणि त्याचे गळणे कागदोपत्री गळणे राहणार नाही. म्हणून उरलेल्यांची संख्या विचारणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

न शिकलेल्या आईची नजर

‘आम्हाला काय कळतंय सर, तुमीच सांगा,’ असे पालक म्हणतात. हे खरे नाही. दोन वर्षांपूर्वी एका शेतमजूर बाईबरोबर आणि तिच्या मुलीबरोबर मी कॉलेजे पाहिली. बाईला सही येत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या चकचकीत कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीबाहेर आम्ही बसलो होतो. बाई उठली, व्हरांडा झाडणाऱ्या बाईपाशी गेली आणि विचारले, ‘बाई, हितं पोरी तासाला बसत्यात का?’ ती म्हणाली, ‘सकाळी बसत्यात. जेवणानंतर कुत्रंबी नसतंय बघा.’ जी गोष्ट मला माहितीपुस्तिकेत सापडली नसती, ती तिने दोन मिनिटांत काढली. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या अनुदानित कॉलेजात तिने नळ सोडून पाहिला, वसतिगृहाच्या रस्त्यावर रात्री दिवे लागतात का हे टपरीवाल्याला विचारले. मुलीने प्रयोगशाळा पाहिली, दोन मुलींशी बोलली.

घरी जाऊन त्यांनी वहीत लिहिले. तालुक्याचे कॉलेज जवळ, पण शाखा विनाअनुदानित आणि दुपार रिकामी. जिल्ह्याचे दूर, पण फी थोडी, तास होतात, खोली घ्यावी लागेल. मुलीचे मन जिल्ह्याकडे होते. बापाचे मन जवळच्याकडे होते, आणि त्यामागे तरण्या लेकीची काळजी होती. त्या काळजीला हसून चालत नाही. आईने टपरीवाल्याचे उत्तर सांगितले, तिथे राहणाऱ्या मुलींची नावे सांगितली आणि बाप हळूहळू कबूल झाला. मुलीला वसतिगृहाच्या पहिल्या यादीत जागा मिळाली नाही. तिघी मुलींनी खोली घेतली, स्वाधारचा अर्ज केला, पहिले पाच महिने उसनवारीने काढले. ती आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भेटीने गरिबी गेली नाही. येणारी अडचण मात्र आधी कळली, म्हणून तिच्यामुळे शिक्षण सुटले नाही.

यातून निर्णय कोणाचा, याचेही उत्तर मिळते. विषय मुलाने ठरवावा, कारण शिकायचे त्याला आहे. खर्च आणि सुरक्षितता यांवर पालकांनी बोलावे, कारण ते ओझे त्यांच्यावर आहे. मित्र जातो म्हणून कॉलेज घेऊ नये आणि शेजाऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून मुलाला तिकडे ढकलू नये. भेटीनंतर दोघांनी आपापली पसंती वेगवेगळी लिहावी आणि मग समोरासमोर बसून बोलावे. वादाला धरून बोलायला मग काहीतरी असते. नाहीतर बापाचा आवाज मोठा म्हणून तोच निर्णय होतो.

कार्यकर्त्यांचे आणि शिक्षकांचे काम

एका भेटीला एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे लागते. तीन कॉलेजे म्हणजे तीन दिवस. म्हणून हे काम एकट्या घरावर सोडून भागणार नाही. वस्तीतील मंडळाने बारावीच्या मुलांची यादी करावी आणि पाच-सहा घरे मिळून एक जीप ठरवावी. जयंतीच्या वर्गणीतून एवढा खर्च सहज निघेल आणि बाबासाहेबांच्या नावाला तो शोभेल. परत आल्यावर प्रत्येक कॉलेजबद्दल काय दिसले ते एका वहीत तारखेसह लिहून विहारात ठेवावे. पुढच्या वर्षीच्या घरांना ती वही मिळाली की, जो वारसा आपल्याकडे नव्हता तो तयार होऊ लागेल. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्जही व्यावसायिक शाखेकडे जाणाऱ्या मुलांनी अकरावी-बारावीतच करावा. भेटीच्या वेळीच कार्यकर्त्यांनी त्याची चौकशी करावी.

कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांना एक विनंती. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर आत बसलो आहोत. बाहेर चिंचेखाली बसलेला माणूस आपल्याच घरचा आहे. प्रवेशाच्या दिवसांत तासभर फाटकाशी उभे राहावे, त्यांना आत आणावे, वर्ग दाखवावा, आपल्या कॉलेजच्या उणिवाही सांगाव्यात. संस्थाचालकांना ते आवडणार नाही. पण विद्यार्थी पारखून घेणारे पालक आले की संस्थेला रिकामे वर्ग लपवणे कठीण जाते, आणि ज्या कॉलेजात शिकवायचे आहे त्याच्यासाठीही ते चांगलेच आहे. या दिवाळीनंतर निदान एका वस्तीपासून सुरुवात करावी.